तिसऱ्यांदा विचारल्यावर

ब्रुज, शनिवार, १४ एप्रिल २०१८

शाळेच्या मागच्या व्हरांड्यात, दुपारच्या सुट्टीत, मदर गोदेलीव पांढरा झगा घोट्यांच्या वर धरून बादलीत पाय सोडून बसायच्या. समोर पायरीवर मी. मधे कैरीच्या फोडी आणि वाटीत बागोंग. मासळी आंबवून केलेलं ते खारं कालवण पाहिलं की बाकीच्या मदर रुमाल नाकाला लावत. ह्या मात्र फोड बुडवून बोटंसुद्धा चाटायच्या. मी आठ वर्षांची असेन. "नोरिंग," त्या म्हणाल्या, "आमच्या गावातही खूप पाणी आहे, पण त्यात पाय घातले तर बोटं गळून पडतील." मी विचारलं, "मग तिथे पाय कशात घालता?" "मोज्यांत," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी एवढ्या हसलो की बादली कलंडली. त्या दिवशी याहून जास्त काही घडलं नाही. तरी मला तो दिवस शाळेतल्या सगळ्या बक्षीस समारंभांपेक्षा स्वच्छ आठवतो.

आज त्यांच्या गावात पोचले. सामान धाकट्या बहिणीच्या, क्लारिताच्या, हवाली करून आधी कालव्याशी गेले, वाकले आणि पाण्यात बोट बुडवलं. गळून पडलं नाही, पण मदर अगदीच खोटं बोलत नव्हत्या.

गुरुवारी मी सत्तर वर्षांची होईन. हवाईत राहणारा आमचा थोरला भाऊ, मानोंग विसेंते, म्हणाला, सत्तरीला कुठे जायचं ते सांग, तिकीट माझं. सगळ्यांना वाटलं मी रोम म्हणेन, नाहीतर लूर्द. मी ब्रुज म्हटलं. गावच्या फादरनी दबकत विचारलं, तिथे पवित्र मातेचं दर्शन वगैरे झालं होतं का. मी म्हटलं, तिथे आमच्या मदर आहेत. मला मानांग, म्हणजे ताई, म्हणणारी क्लारिता माझ्या सोबतीला आहे. मला एकटीला पाठवायला कोणी तयार नव्हतं आणि क्लारिताला मागे ठेवण्याची कोणाची हिंमत नव्हती.

मदर आमच्या इलोकोस प्रांतात अर्धं शतक राहून ऐंशीव्या वर्षी इकडे परतल्या. दर नाताळात त्यांचं पत्र यायचं. मागच्या नाताळात आलं नाही. मठाला विचारलं तेव्हा दोन ओळींचं उत्तर आलं: अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, जिवंत आहेत, लिहिता येत नाही. भेटायला येऊ का, असं विचारलं तर एका शब्दाचं: या.

आमची खोली चॉकलेटच्या दुकानावर आहे. क्लारिताने सुटकेसच्या आत एक रिकामी सुटकेस आणली आहे, परत जाताना गावभर वाटायच्या वस्तूंसाठी. सध्या ती फुकटचा वास घेत घोरते आहे. मला मात्र शाळेच्या सहलीच्या आदल्या रात्रीसारखी झोप येत नाही.

सोमवार, १६ एप्रिल

मदर भेटल्या.

म्हाताऱ्या मदरांसाठी मठाच्या मागे वेगळं घर आहे. दार सिस्टर लुतगार्त यांनी उघडलं. त्या तिथल्या प्रमुख. उंच, सडपातळ, पंच्याहत्तरीच्या, शाळा तपासायला आलेल्या साहेबांसारख्या सरळ उभ्या राहतात. आम्हाला बसवलं आणि विचारलं, कॉफी आणि केक घेणार का? आम्ही दोघी एकदमच म्हणालो, नको नको, कशाला. "बरं," त्या म्हणाल्या आणि केकची बशी उचलून आत घेऊन गेल्या. क्लारिता त्या बशीकडे जहाज सुटल्यासारखी बघत राहिली. "मानांग," ती माझ्या कानात म्हणाली, "ही बाई परत विचारणार नाही का?" मी म्हटलं, विचारेल, आत ठेवून येईल. त्या आल्या त्या हात पुसतच.

जिन्यावर त्यांनी मला तयार केलं. झटका आल्यापासून मदरना त्यांची मातृभाषा फ्लेमिश बोलता येत नाही, इंग्रजीही नाही. समजतं बहुतेक सगळं, पण तोंडातून निघते ती फक्त त्यांच्या मिशनच्या भाषेतली प्रार्थना. दिवसभर प्रार्थना चालते. मठातल्या सगळ्या बहिणींना त्याचा मोठा आधार वाटतो.

मदर चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. किती लहान झाल्या आहेत. उजवा हात मांडीवर कोणीतरी विसरून गेल्यासारखा. मी समोर जाऊन गुडघ्यांवर बसले आणि आमच्या इलोकानो भाषेत म्हटलं, "मदर, मी नोरिंग. व्हरांड्यातली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतका वेळ बघितलं की मला वाटलं, ओळख गेली. मग अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "मला माहीत होतं, ही पोरगी येईल ती म्हातारी होऊनच येईल."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. क्लारिता मागे उभी राहून रडली आणि रडता रडता सांगत होती की मदर, मी बारकी, आठवीत शाळा सोडून मासे विकायला बसलेली. "तू मला शिळे बांगडे विकलेस," मदर म्हणाल्या. क्लारिताला इतका आनंद मी तिच्या लग्नातही झालेला पाहिला नाही.

एवढ्यात एल्के नावाची तरुण नर्स सूप घेऊन आली. मदरनी एक चमचा घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हे भांडी विसळलेलं पाणी घेऊन जा. गावातलं मीठ संपलं का?" एल्केने आणि सिस्टर लुतगार्तनी ताबडतोब हात जोडले, डोळे मिटले आणि म्हटलं, आमेन. क्लारिताने तोंड शालीत खुपसलं. मला काय करावं सुचेना, तेव्हा मीही आमेन म्हटलं.

खाली उतरताना सिस्टर लुतगार्त म्हणाल्या, जेवणाआधीची त्यांची प्रार्थना फार आवेशाची असते. मी म्हटलं, हो, पहिल्यापासूनच.

मंगळवार, १७ एप्रिल

संध्याकाळची प्रार्थना ऐकायला आम्हाला मुद्दाम बोलावलं होतं. सगळ्यांची ती आवडती आहे म्हणे. मदरना पलंगावर निजवल्यावर त्या रोज तेच शब्द अगदी संथपणे पुन्हा पुन्हा म्हणतात, आणि चालता येतं त्या सगळ्या बहिणी दारात येऊन हात जोडून उभ्या राहतात.

आम्हीही उभ्या राहिलो. मदर भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला खिडकीकडे वळवा. भिंत बघून बघून मीच भिंत झाले. कोणीतरी मला खिडकीकडे वळवा." मग थोडं थांबून परत तेच.

माझ्या मागे कोणीतरी हळूच हुंदका दिला, भक्तीने. क्लारिता या वेळी हसली नाही. तिने माझा दंड घट्ट धरला.

मी सिस्टर लुतगार्तना बाजूला घेऊन इंग्रजीत सांगितलं. शाळेत आम्हाला शिकवलं होतं, वाईट बातमी सांगताना आवाज खाली आणि वाक्य लहान. मी तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना विचारा, रोज हेच म्हणत होत्या का." मी विचारलं. "रोज," मदर म्हणाल्या, "दुसरं काय म्हणणार?"

सिस्टर लुतगार्तनी कोणाला हाक मारली नाही. स्वतः खाली वाकल्या, पलंगाच्या चाकांचा अडसर पायाने सोडवला आणि ढकलायला लागल्या. एल्के धावली, मी लागले, क्लारिताने तर एकटीने अर्धा पलंग ओढला असेल. खिडकीबाहेर पेअरचं झाड आहे, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. मदर त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि बघता बघता झोपल्या.

बाहेर आल्यावर सिस्टर लुतगार्तनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचा व्हिसा कधीपर्यंत आहे?" मी म्हटलं, जूनच्या शेवटापर्यंत, पण तिकीट या रविवारचं आहे. "वर एक खोली रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "जूनपर्यंत आमच्याकडे राहाल का? त्यांच्यासाठी."

मी अर्थातच म्हटलं, छे छे, तुम्हाला कशाला त्रास.

"बरं. समजलं," त्या म्हणाल्या आणि दिवे मालवायला गेल्या.

येताना क्लारिता पुलावर थांबली आणि म्हणाली, "केकसारखंच केलंस." मी म्हटलं, केकची गोष्ट वेगळी. कोण कुठल्या आपण, पहिल्या बोलावण्याला हो म्हणून पाय पसरायचे का? आणि घरी मुलगा आर्सेनिओ आहे, सून आहे, नातवंडांना शाळेत कोण सोडणार, भात कोण लावणार. राहायचा प्रश्नच नाही. उद्या त्या परत विचारतील तेव्हा नीट कारणं सांगून नाही म्हणेन. एवढ्या मोठ्या बाईला तुटक उत्तर दिलं, ते मनाला लागून राहिलं आहे.

बुधवार, १८ एप्रिल

आज कॉफीची किटली तिरकी व्हायच्या आत क्लारिता "हो" म्हणाली. केकलाही हो म्हणाली, आणि सिस्टर लुतगार्तनी न विचारलेल्या बिस्किटांनाही.

सिस्टर लुतगार्तनी मला विचारलं नाही. कामात असतील. दुपारी मी मुद्दाम त्यांच्या वाटेवरच्या बाकावर बसले होते. त्या तिथून गेल्या, हसल्या, परत आल्या, परत हसल्या.

एल्केला थोडे शब्द शिकवले: पाणी, थंडी, खिडकी, मीठ. तिने हातावर पेनने लिहून घेतले आणि जाऊन मदरना विचारलं, "थंडी?" मदर म्हणाल्या, "थंडी नाही गं, माझ्या पायाखालची उशी सरकली आहे आणि त्यामुळे कमरेत कळ येते, आणि तुझा नवरा बरा आहे का, परवा तू रडत होतीस." एल्केने हाताकडे बघितलं. हातावर यातलं काहीच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तिने उशी नीट केली आणि तिथेच पलंगाच्या कडेला बसून राहिली. रविवारनंतर पुढचं वाक्य तिला कोण सांगणार, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो बाजूला ठेवला.

घरी फोन केला. बिचारे. आर्सेनिओ म्हणाला, सगळं ठीक आहे नानांग, काळजी करू नकोस. मला कळतं ना, आईला काळजी नको म्हणून पोरगं बोलतंय. मागे गाणी आणि हसणं चाललं होतं, शेजाऱ्यांकडचं असणार. सुनेची आई राहायला आली आहे. ती भाजीत कारलं घालत नाही म्हणे, त्यामुळे मुलं दोनदा वाढून घेतात. कारल्याशिवाय त्यांचं पोट कसं भरत असेल देव जाणे. माझी नात जैरा माझ्या पलंगावर झोपते. लोलाची, आजीची, आठवण येते म्हणून, असं तिने सांगितलं. पलंग खिडकीशी सरकवून घेतला आहे आणि भिंतीवर कोणा गाणाऱ्या मुलांचं चित्र लावलं आहे. एकटेपणात माणसाला सोबत लागते.

गुरुवार, १९ एप्रिल

सत्तर.

सकाळी चॅपेलमध्ये मिस्साची प्रार्थना झाली. फादरनी माझं नाव घेतलं, "लिओनोरा", तेव्हा वाटलं, ही दुसरीच कोणी तालेवार बाई आहे. मग आम्ही दोघींनी मठाच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. सिस्टर लुतगार्तना हे समजेचना. "तुमचा वाढदिवस, आणि सगळ्यांना जेवायलाही तुम्हीच घालणार?" मी म्हटलं, मग कोण घालणार? ज्याचा दिवस त्यानेच चार लोकांचं पोट भरायचं.

वाढदिवसाच्या पान्सितच्या लांब शेवया क्लारिताने घरून ब्लाउजांच्या घड्यांत घालून आणल्या होत्या. लसूण आमचा, व्हिनेगर आमचं, कोबी आणि कोंबडी ब्रुजची. घरभर लसणाचा वास सुटला आणि वरच्या मजल्यावरून मदरचा आवाज आला, "आत्ता आलं हे घर ताळ्यावर." त्यांना आम्ही आणलेली विणलेली घोंगडी पांघरून खाली आणलं, केस विंचरले. मी माझा निळा झगा घालायला गेले तेवढ्यात घात झाला.

परत आले तर स्वयंपाकघरातल्या सिस्टर हातात भली मोठी कात्री घेऊन हसत उभ्या होत्या. सगळा पान्सित त्यांनी बारीक कापला होता. बोटाच्या पेराएवढे तुकडे. म्हाताऱ्यांच्या घशात अडकू नये म्हणून. किती मायेने कापला होता, एक शेवई सुटली नव्हती. क्लारिताने क्रूसाची खूण केली, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "मानांग, आधी खाली बस." माझ्या कपाळाला हात लावून बघितलं. वाढदिवसाच्या शेवया कापायच्या म्हणजे आयुष्य कापायचं. आमच्याकडे लहान मूलसुद्धा त्या दातांनी तोडत नाही.

बशा मांडल्या गेल्या. मदरनी आपल्या बशीतला चुरा बघितला आणि म्हणाल्या, "वाढदिवशीच मारलीत होय पोरीला?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काय म्हणाल्या? आता कोणी हात जोडत नाही, मलाच विचारतात. मी म्हटलं, मला आशीर्वाद दिला.

सिस्टर लुतगार्तनी क्लारिताकडे बघितलं. तिचं तोंड नॅपकिनमागे होतं आणि खांदे हलत होते. "तुमच्या बहिणीला आशीर्वादाचं हसू येतं का?"

मग सांगावंच लागलं. स्वयंपाकघरातल्या सिस्टर लालबुंद झाल्या, आत पळाल्या आणि पातेलंच घेऊन आल्या. तळाला थोड्या शेवया चिकटून राहिल्या होत्या, कात्रीतून वाचलेल्या. त्यातली एक त्यांनी काट्याने सोडवली. ती निघतच राहिली. टाचा उंचावून त्यांनी ती वर धरली आणि दुसरं टोक माझ्या तोंडात दिलं. "ओढ, ओढ," मदर ओरडत होत्या, "दात लावू नकोस, हसू नकोस, ओढ." सत्तर वर्षांची बाई, निळा झगा, चौदा मदर माना वर करून बघताहेत. शेवटचं टोक हनुवटीवर फटका मारून आत गेलं तेव्हा टाळ्या पडल्या.

मग त्यांनी त्यांचं वाढदिवसाचं गाणं म्हटलं. शब्द मला कळत नाहीत, पण दीर्घायुष्यच मागतात म्हणे, त्यांच्याकडेही. टाळ्यांचा ताल धरून सगळ्या गात होत्या, आणि एकाएकी सिस्टर लुतगार्तच्या टाळ्या थांबल्या. मदर गात होत्या. फ्लेमिशमध्ये. शब्दन् शब्द, डाव्या हाताने घोंगडीवर ताल देत. झटका आल्यापासून आपल्या भाषेतला एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. एकीने रडत त्यांना काहीतरी विचारलं. मदरनी तोंड उघडलं, प्रयत्न केला, आणि माझ्याकडे वळून इलोकानोत म्हणाल्या, "गाणं संपलं की दार बंद होतं. त्यांना सांग, मला अजून गाऊ दे." मग काय, संध्याकाळपर्यंत गाणीच गाणी. वाढदिवसाचं परत, नाताळचं, राष्ट्रगीत, काहीही.

इतका सुंदर वाढदिवस मला आजवर मिळाला नाही. निघताना सिस्टर लुतगार्त माझा हात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता. त्या म्हणाल्या, उद्या हवा चांगली असणार आहे.

शुक्रवार, २० एप्रिल

हवा चांगली होती. आजही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी नाहीच म्हणणार होते, त्यामुळे काही बिघडलेलं नाही. क्लारिताने दोन्ही सुटकेस भरल्या आणि तिसऱ्या पिशवीवर बसून चेन लावली. मला जेवण गेलं नाही.

शनिवार, २१ एप्रिल

निरोप घ्यायला गेले. मदर खिडकीशी होत्या. पेअरची फुलं गळायला लागली आहेत.

"उद्या जाणार," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो मदर. त्या म्हणाल्या, "मी तुला राहा म्हणणार नाही."

मी विचारलं, का?

"इतकी वर्षं तुमच्यात काढली ती काय उगीच? एकदा म्हटलं तर तू म्हणशील, कशाला त्रास. दुसऱ्यांदा म्हटलं तर घरच्यांचं सांगशील. तिसऱ्यांदा म्हटलं की तुला राहावंच लागेल. म्हणून मी पहिल्यांदासुद्धा म्हणत नाही." आणि त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

मी म्हटलं, पाणी घेऊन येते. पाण्याचा जग टेबलावर भरलेला होता.

सिस्टर लुतगार्त खाली वेदीच्या कापडांना इस्त्री करत होत्या. मी दारातच उभी राहिले. वर्गाबाहेर उभं केल्यासारखी.

"सिस्टर, मंगळवारी तुम्ही मला काहीतरी विचारलं होतं."

"हो. तुम्ही नाही म्हणालात."

"ते पहिलं नाही होतं."

त्यांनी इस्त्री उभी केली. "एकूण किती असतात?"

मी सांगितलं की आमच्याकडे पहिलं नाही हे नुसतं शिष्टाचाराचं असतं, दुसरं समोरच्याचं मन पाहण्यासाठी, आणि खरं उत्तर तिसऱ्यांदा विचारल्यावर देतात. त्या विचार करत राहिल्या. "म्हणजे सोमवारी तो केक," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, क्लारिताच्या पोटात कावळे ओरडत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, मला मंगळवारपासून वाटतं आहे की मी तुम्हाला संकोचात टाकलं, म्हणून परत विषय काढला नाही. आमच्याकडे नाही म्हटल्यावर परत विचारणं म्हणजे गळ्यात पडणं.

मग त्यांनी इस्त्रीची वायर काढली, हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन सरळ उभ्या राहिल्या. "दुसऱ्यांदा विचारते. आमच्याकडे राहाल का?"

माझं तोंड आपोआप उघडलं. "नाही हो, घरी मुलं आहेत, सुनेची ओढाताण होते—"

त्या शांतपणे ऐकत होत्या, मिस्सेत योग्य जागी योग्य उत्तर यावं तशी मान हलवत. माझं सगळं सांगून होईपर्यंत थांबल्या.

"तिसऱ्यांदा. लिओनोरा, तुम्ही राहाल का?"

"राहते," मी म्हटलं.

"नक्की ना? चौथ्यांदा विचारायचं नसतं?"

"चौथ्यांदा विचारलं तर आम्हाला राग येतो."

मी त्यांना हसताना पहिल्यांदा ऐकलं. घोड्यासारखं हसतात. वर गेले आणि मदरना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आधी त्या सुपाचं बघ."

क्लारिता म्हणाली, बुधवारपासून तिने माझे कपडे वेगळ्या पिशवीत ठेवले आहेत. मी विचारलं, का? ती म्हणाली, "उगीच."

घरी फोन केला. आर्सेनिओ म्हणाला, "नानांग, परत ये ना." मी वाट बघत राहिले. पण तो पुढे काही बोलला नाही. बिचाऱ्याला पुढे बोलवलंच नसणार. मग सून म्हणाली, राहा की नानांग, जूनच काय, वाटलं तर व्हिसा वाढवून घ्या. एवढं मोठं मन आहे पोरीचं.

रविवार, २२ एप्रिल

क्लारिताची गाडी दुपारची आहे. तिच्या लक्षात राहणार नाही म्हणून इथेच लिहिते आणि पान फाडून तिला देते.

क्लारिता, मोठ्या सुटकेसमधली सोनेरी डब्यातली चॉकलेटं मानोंग विसेंतेची. हवाईला पाठवायची आहेत, तोपर्यंत तुझ्या घरात ठेवू नकोस, फादरकडे ठेव. फादरना लेस लावलेलं वेदीचं कापड. ते विचारतील दर्शन झालं का, तर सांग झालं.

साधी चॉकलेटं बाजारातल्या सगळ्या गाळेवाल्यांना, तुझ्याशी भांडण असलेल्यांनाही. त्यांना आधी दे.

नातू मार्कला लाकडी जहाज. तो म्हणेल मी आता मोठा झालो. हो म्हण आणि त्याच्या उशाशी ठेवून ये.

जैराला माझा पलंग. आत्तापुरता नाही, कायमचा. शिवाय निळी शाल. चित्र भिंतीवरून काढायला लावू नकोस. ती मुलं गातात तरी बरी का, ते मला कळव.

सुनेच्या आईला लेसचे सहा रुमाल आणि तिच्या भाजीबद्दल माझ्यातर्फे दोन चांगले शब्द. कारल्याचा विषय काढू नकोस.

आर्सेनिओला मोजे, गरम. आपल्याकडे त्यांचा उपयोग नाही हे मला माहीत आहे. आईने काहीतरी विकत घेतलं एवढं त्याला दिसू दे.

तुझ्यासाठी हिरव्या कागदात आहे, विमानात उघडू नकोस.

सून दिविनाला स्वयंपाकघराच्या कपाटाची किल्ली. सगळ्यांसमोर दे, टेबलावर ठेवून जाऊ नकोस, हातात दे. मिठाची बरणी चुलीच्या डावीकडे असते, हे तिला सांग असं लिहिणार होते, पण राहू दे. एव्हाना तिने ती उजवीकडे ठेवली असेल, आणि ती तिथेच बरी.